टेबलाखालची कळ

मित्रांनो, अंगठ्याच्या पेराएवढी, पितळेची, आता कडेनं हिरवी पडलेली एक जुनी कळ तुमच्याशी बोलते आहे. कळ म्हणजे दाबायची. मला दाबलं की दूर कुठंतरी घंटी वाजायची. तुमच्या मराठीत दुखण्याच्या सणकेलाही कळच म्हणतात आणि भांडणं लावणाऱ्याला कळलाव्या म्हणतात. माझ्या वाट्याला हे सगळेच अर्थ आले. ते कसे आले, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका पितळकामाच्या कारखान्यात झाला. मला ओतणाऱ्या कारागिराचं नाव मला ठाऊक नाही. त्यानं माझ्या पोटात पोलादाची बारीक स्प्रिंग बसवली, चारदोन वेळा दाबून पाहिली आणि मला भुश्शात घालून खोक्यात टाकलं. ती स्प्रिंग आजही शाबूत आहे. एके काळी मला तिचा अभिमान वाटे.

माझी पहिली नोकरी चांगली होती. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या उत्तर भागात रूबी सायडिंग नावाचं रेल्वेचं गाव आहे. तिथं स्पेनच्या डोंगराळ मुलखातून आलेल्या बास्क मेंढपाळांची एक खाणावळ होती. मालकीणबाई लांब टेबलाच्या टोकाशी बसत आणि मला पायानं दाबत. एकदा दाबलं की आतून सूप येई, पुन्हा दाबलं की मटण. डोंगरात सहा-सहा महिने मेंढ्यांमागे एकटे काढलेले ते पुरुष स्वयंपाकघरातली घंटी ऐकली की बोलता बोलता थांबत आणि दाराकडे बघत. तीस वर्षं माझ्यामुळं कुणाचं वाईट झालं नाही.

मग खाणावळ बंद पडली. शेजारच्या 'सिल्व्हर रॅम' कॅसिनोनं तिचं सामान लिलावात उचललं. सुतारानं मला ब्लॅकजॅकच्या तिसऱ्या टेबलाखाली, पत्ते वाटणाऱ्या डीलरच्या उजव्या पायापाशी, एका आडव्या फळीवर दोन स्क्रूंनी पक्कं केलं. माझी तार टेबलाच्या पायातून फरशीखाली गेली आणि मागच्या बाजूला मुकादमाच्या खोलीत निघाली. मला वरचं काही दिसत नसे. बूट दिसत, गालिचा दिसे. ऐकू मात्र सगळं येई. ज्या भोकातून तार जायची, त्याच भोकातून त्या खोलीतले आवाज माझ्याकडं परत यायचे.

टेबलांच्या त्या मुकादमाचं नाव ऑर्व्हिल स्ट्रंक. पूर्वी तो तांब्याच्या खाणीवर पहारेकरी होता आणि संपकऱ्यांना बडवून काढणं हे त्याचं काम होतं. त्याच्या कोटात चामड्यात शिसं भरलेला वीतभर दंडुका असे. बसला की तो दंडुका खुर्चीच्या दांड्यावर हळूहळू आपटत राही.

आता माझं तिथं काय काम होतं ते सांगते. ब्लॅकजॅक हा एकवीसचा डाव. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढं जाऊ द्यायची नाही. वाटून झालेले पत्ते पुन्हा पिसेपर्यंत डावात परत येत नाहीत. त्यामुळं कुठले पत्ते निघून गेले हे जो लक्षात ठेवतो, त्याला पुढं काय उरलंय याचा अंदाज येतो. एक्के, राजे, दश्श्या मागं राहिल्या असतील तर तो मोठी रक्कम लावतो, नाहीतर लहान. अशा माणसांना डीलर लोक 'मोजणारे' म्हणत. स्वतःच्या डोक्यानं मोजणं कायद्यानं गुन्हा नव्हता. कॅसिनो फार तर त्या माणसाला उठायला सांगू शकत होता. पण स्ट्रंकचा हुकूम होता की मोजणारा दिसला की कळ दाबायची.

मोजणाऱ्यांबद्दल सगळ्या डीलरांचं मत काही एक नव्हतं. रेनोहून आलेली एक बाई म्हणायची, मला तर हे लोक बरे वाटतात. दारू पिऊन तोंडावर धूर सोडत नाहीत, हरले तर शिव्या देत नाहीत. दुसऱ्या एकाला त्यांची भीती वाटे. ज्या टेबलावर कॅसिनो हरतो त्या टेबलाच्या डीलरकडं आधी संशयानं बघतात, असं तो म्हणे. आणि ड्यूई प्रुइटला त्यांचा नुसता राग होता.

ड्यूई साठीचा, ओक्लाहोमाकडचा, त्या कॅसिनोतला सगळ्यात जुना डीलर. तो मला टाचेनं दाबायचा, विंचू ठेचावा तसा. दर शुक्रवारी पगार झाला की तो रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कॅसिनोत जाऊन हाच खेळ खेळे आणि हरे. वीस वर्षं दुसऱ्यांना पत्ते वाटून स्वतः हरत आलेला तो माणूस. त्याच खेळात कुणी डोक्याच्या जोरावर जिंकतो, हे त्याला सोसत नसे. त्याची टाच माझ्यावर पडली की मागच्या दारातून दोन जोडी जाड बूट येत. वर थोडी बाचाबाची होई, खुर्ची सरके, आणि दोन जोडींच्या मधे तिसरे बूट फरफटत जात. मग माझ्या भोकातून आवाज यायला लागत. ओल्या गादीवर काठी मारावी तसा आधी एक. मग माणसाचा. टेबलावर ड्यूई म्हणायचा, "चला मंडळी, लावा रकमा."

कात्तालिन इरिगाराय आली तेव्हा तिला शिकवायचं काम ड्यूईकडंच आलं. ही चाळिशीची बास्क बाई. तिच्या नवऱ्याचं नाव बेन्यात; तो मेंढपाळ होता. घोड्यावरून पडून त्याचं कंबरडं मोडलं आणि तो अंथरुणाला खिळला, म्हणून ती पत्ते वाटायला आली. तिचा पाय हलका होता. माझ्याशेजारी ती पाऊल ठेवी, पण चुकूनही धक्का लागू देत नसे.

ड्यूईनं तिला सांगितलं, "हे बघ पोरी, मोजणारा पीत नाही, गप्पा मारत नाही. आणि बक्षिसी ठेवत नाही. ठेवील कशाला? तासभर डोकं शिणवून चार डॉलर सुटतात, त्यातले दोन तुला दिले तर तो काय खाईल?"

"मग तो चोरी करतो का?" तिनं विचारलं.

"चोरी नाही. डोकं चालवतो."

"डोकं चालवणं गुन्हा आहे?"

"बाहेर नाही," ड्यूई म्हणाला. "इथं आहे."

तिनं मला पहिल्यांदा दाबलं ते एका थंड सकाळी, अकराच्या सुमाराला. समोर लाल मफलरवाला एक विशीतला मुलगा होता, सॉल्ट लेककडचा. तिला वाटलं, ते येतील, त्याला दार दाखवतील आणि प्रकरण संपेल. तिनं पायाच्या अंगठ्यानं मला अलगद दाबलं. बूट आले. मुलगा हसत हसत उठला, म्हणाला की जातो, जातो, ढकलताय कशाला. मग भोकातून आवाज यायला लागले. त्या दिवशी ते बराच वेळ येत राहिले. मधेच काहीतरी वाळलं लाकूड मोडावं तसं मोडलं, आणि त्यानंतर तो मुलगा आईला हाका मारायला लागला. कात्तालिनला ते ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. तिचं पाऊल माझ्याशेजारी शांत होतं.

सुट्टीत ती मागच्या अंगणात गेली आणि सुट्टी संपायच्या आधीच परत आली. पुढच्या टेबलावर उभ्या असलेल्या ड्यूईला तिनं हलक्या आवाजात सांगितलं की तो मुलगा बर्फात गुडघ्यांवर बसून डाव्या हातानं आपले दात शोधत होता. उजव्या हाताची बोटं उलटी वळली होती. तिनं त्याला उठवायला हात पुढं केला, तर तो मार चुकवावा तसा मागं सरकला.

"मोजायला हातच लागत नाही," ड्यूई म्हणाला. "डोकं शाबूत आहे ना? मग झालं."

ती स्ट्रंककडं गेली. ते बोलणं मी भोकातून ऐकलं. ती म्हणाली, साहेब, मी त्याला बाहेर काढायला सांगितलं होतं, मोडायला नाही. दंडुका खुर्चीच्या दांड्यावर आपटायचा थांबला.

"घंटी तू वाजवलीस," स्ट्रंक म्हणाला. "पुढचं काम आमचं. नवऱ्याचं ऑपरेशन कधी आहे?"

ती टेबलावर परत गेली. मित्रांनो, त्यानंतरही तिनं मला दोनदा दाबलं. ती चांगली बाई होती म्हणून ही गोष्ट लपवणं मला बरं वाटत नाही. दुसऱ्या खेपेच्या माणसाला त्यांनी जिन्यावरून खाली ढकललं. तिसरा रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा होता. त्याचा आवाजच आला नाही. त्याला त्यांनी गाडीत घालून गावापासून दहा मैलांवर, उघड्या माळावर, बुटांशिवाय सोडलं. तो जगला, पण पायांची बोटं गेली. ही बातमी कॅसिनोत हसत हसत पसरली. कात्तालिननं ती ऐकली, हातातले पत्ते संपवले, आणि त्या दिवसापासून तिचं पाऊल माझ्यापासून वीतभर लांब राहू लागलं.

मग तिनं एक युक्ती काढली. मोजणारा आला की ती पत्ते वेळेआधीच पिसायला घ्यायची. पिसले की त्याची सगळी मोजणी मातीत. शहाणा माणूस समजायचा आणि टोपी घेऊन उठायचा. कॅसिनोचं नुकसान टळायचं, त्याची हाडं वाचायची. तीन वर्षं हे असं चाललं. वरून कुणी विचारलं तर ती म्हणे, माझ्या टेबलाला मोजणारे येत नाहीत, त्याला मी काय करू.

त्या वर्षांत एमरी वुलकॉट येऊ लागला. हा आयडाहोतल्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. लहानपणी तापानं त्याचे दोन्ही कान गेले होते. समोर उभं राहून सावकाश बोललं तर तो ओठांवरून ओळखे; पाठीमागून तोफ डागली तरी त्याला कळत नसे. उलटे खिळे झरझर वाचायची सवय असल्यानं पत्ते ध्यानात ठेवणं त्याला अवघड नव्हतं. हिवाळ्यात काम कमी असलं की तो रेल्वेनं यायचा आणि थोडं जिंकून परत जायचा. कात्तालिननं पहिल्यांदा लवकर पत्ते पिसले तेव्हा तो हसला आणि उठून गेला. पुढच्या खेपेला त्यानं तिला एक चिठ्ठी दाखवली. तिनं ती पुटपुटत वाचली म्हणून मला कळलं. 'तुमच्या पिसण्याबद्दल आभारी आहे,' एवढंच तीत होतं.

ड्यूईच्या डोळ्यांत तो खुपे. एकदा टेबल रिकामं असताना तो म्हणाला, "तीन वर्षं येतोय हा बहिरा. तुझ्यापुढं बक्षिसीची एक चकती ठेवलीय का कधी?"

"नाही ठेवली."

"आणि तुला राग येत नाही?"

"ड्यूई, काल एकानं माझ्या तोंडावर पत्ते फेकले आणि दहा डॉलर ठेवून गेला," ती म्हणाली. "मला आपला हाच परवडतो."

फेब्रुवारीतला एक शुक्रवार ड्यूईला फार वाईट गेला. त्यानं सबंध पगार घालवला, वर घड्याळही घालवलं. शनिवारी सकाळी तो स्ट्रंकच्या खोलीत गेला आणि कात्तालिनच्या पिसण्याची गोष्ट त्यानं सांगून टाकली. मी भोकातून ऐकत होते. मला तोंड नव्हतं, आणि त्या बाईला सावध करायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

दुपारी बारा वाजता एमरी येऊन बसला. त्याचे तपकिरी बूट मी ओळखत होते. डाव्या बुटाची नाडी नेहमी सुटलेली असे. दोनतीन डाव झाले. मग कात्तालिनच्या मागं स्ट्रंकचे बूट येऊन उभे राहिले.

"आज लवकर पिसायचं नाही," तो तिच्या कानाशी म्हणाला. "शेवटपर्यंत वाट."

ती वाटत राहिली. एमरीची रक्कम वाढली, कमी झाली, परत वाढली. तो पत्त्यांकडं बघत असावा, तिच्या चेहऱ्याकडं नाही. तिनं ओठांनी 'जा' म्हटलं असावं, कारण स्ट्रंकनं तिचा दंड धरला आणि तिची टाच उचलली गेली.

"दाब," स्ट्रंक म्हणाला.

"तुम्ही इथंच आहात की साहेब. घंटी कशाला?"

"तू कुणाची नोकर आहेस ते मला बघायचंय. दाब."

तिनं पाऊल उचललं. माझ्यावर आणलं. माझी स्प्रिंग किंचित दबली. एवढ्यानं घंटी वाजत नाही. मग ते पाऊल मागं गेलं आणि गालिच्यावर टेकलं.

"नाही दाबणार," ती म्हणाली.

तेवढ्यात बाजूनं ड्यूईचा बूट आत शिरला आणि त्यानं मला टाचेनं ठेचलं. मागच्या खोलीत घंटी घणघणली आणि जाड बुटांच्या दोन जोड्या धावत आल्या. ती माणसं एमरीच्या पाठीमागून आली. एकानं उठ म्हणून सांगितलं. एमरीनं पत्ता मागायला टेबलावर बोटानं टकटक केलं. दुसऱ्यानं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. एमरीचे बूट हलले नाहीत.

"माज बघा याचा," स्ट्रंक म्हणाला, आणि टेबलाला वळसा घालून गेला. शिशाचा दंडुका एमरीच्या कानावर बसला. मी तो आवाज आजवर भिंतीआडून ऐकला होता. त्या दिवशी तो माझ्या डोक्यावर झाला.

एमरी खुर्चीसकट खाली आला. आता तो मला दिसत होता. त्याला काय झालं ते कळलंच नव्हतं. तो कुणी मारलं ते बघायला मान वळवत होता. त्याच्या बरगड्यांत लाथ बसली. उठायला त्यानं उजवा हात गालिच्यावर टेकला, आणि स्ट्रंकनं त्या हातावर टाच ठेवली आणि सगळं वजन टाकून ती फिरवली. एमरीच्या तोंडातून आवाज आला. लहानपणापासून स्वतःचा आवाज न ऐकलेल्या माणसाचा आवाज तुम्ही ऐकला नसेल. तो ऐकूही नका.

"त्याला ऐकू येत नाही!" कात्तालिन ओरडली. "बहिरा आहे तो! ड्यूई, सांगा यांना!"

ड्यूईचे बूट जागचे हलले नाहीत. वरून त्याचे दोन्ही तळवे एकमेकांवर झटकल्याचा आवाज आला. टेबल सोडताना हात रिकामे आहेत हे दाखवायला प्रत्येक डीलर असं करतो. तो आवाज मी हजारो वेळा ऐकला होता. हात झटकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

कात्तालिननं पत्ते ठेवायची जड लाकडी पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि स्ट्रंकच्या तोंडावर घातली. त्याचं नाक फुटलं. रक्ताचे थेंब माझ्या पितळेवर उडाले. तो भेलकांडला, सावरला, आणि त्यानं दंडुका तिच्या खांद्यावर हाणला. हाड मोडलं. ती पडेना, म्हणून त्यानं तिला धरून टेबलावर आपटलं. टेबल तिच्यासकट उलटलं. माझी फळी फाटली, स्क्रू उपटले, तारेपासून तुटून मी गालिच्यावर जाऊन पडले. तुटलेल्या तारेची दोन टोकं एकमेकांना चिकटली, आणि मागच्या खोलीत घंटी वाजायला लागली ती थांबेचना.

त्या घंटीनं सगळा कॅसिनो गोळा झाला. स्वयंपाकघरातले आचारी आले, खेळणारे उठून आले, रस्त्यावरून जाणारे दार उघडून आत डोकावले. आजपर्यंत जे भिंतीआड होत होतं ते भर दुपारी, शंभर माणसांदेखत चाललं होतं. स्ट्रंकनं एमरीला आणखी दोन लाथा घातल्या. तिसऱ्या वेळी एका आचाऱ्यानं आणि रेनोच्या त्या बाईनं त्याला मागून धरलं. मग बाकीचेही सरसावले. दंडुका काढून घेताना स्ट्रंकनं आचाऱ्याच्या मनगटाचा चावा घेतला.

कात्तालिन माझ्याशेजारी पडली होती. तिच्या तोंडातून रक्त येत होतं. डावा हात हलत नव्हता. तिनं उजवा हात पुढं केला, मला उचललं आणि मूठ मिटली. दवाखान्यात भूल देईपर्यंत ती मूठ कुणाला उघडता आली नाही.

मे महिन्यात खटला उभा राहिला. स्ट्रंकच्या वकिलानं सांगितलं की एक दारुडा टेबलावर धावून गेला, झटापट झाली, बाई मधे पडली. घंटी, कळ, मागची खोली, हे सगळं कपोलकल्पित आहे. तोवर कॅसिनोनं तार उपटून टाकली होती आणि भोक बुजवलं होतं. तेव्हा कात्तालिननं गळ्यात अडकवलेल्या हातानंच पाकीट उघडलं आणि मला न्यायाधीशांसमोर ठेवलं. तिसऱ्या टेबलाची फळी आणवली गेली. फळीवरची दोन भोकं आणि माझी दोन भोकं जुळली.

वकील चिडला. त्यानं तिला विचारलं, "एवढी कळवळ्याची बाई तुम्ही. ही कळ स्वतः कधी दाबली नाहीत?"

तिला नाही म्हणता आलं असतं. कुणाकडं पुरावा नव्हता.

"तीनदा दाबली," ती म्हणाली. "पहिल्या वेळी पुढं काय होतं ते मला माहीत नव्हतं. नंतरच्या दोन वेळी माहीत होतं."

लोकांमधे कुजबुज झाली. एमरी तिच्या ओठांकडं बघत होता. त्याला ते वाक्य कळलं. त्यानं मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

मग ड्यूईला बोलावलं. त्या दिवशी घंटी कुणी वाजवली, असं त्याला विचारलं.

"मी," ड्यूई म्हणाला. "मला वाटलं, नेहमीसारखं होईल."

"नेहमीसारखं म्हणजे काय?"

ड्यूई आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघत राहिला. शेवटी त्याला बसायला सांगितलं, तरी तो उभाच होता.

स्ट्रंकला चार वर्षांची सजा झाली. त्याच्या एका माणसाला अठरा महिने. दुसरा पळाला तो सापडला नाही. 'सिल्व्हर रॅम'नं एमरीचं दवाखान्याचं बिल भरलं, पाटी बदलली आणि पुन्हा दार उघडलं. लाल मफलरवाल्या मुलाचं पुढं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. कात्तालिननं वर्तमानपत्रात तीनदा जाहिरात देऊन त्याचा शोध घेतला.

मी पुरावा होते, म्हणून न्यायालयाच्या कोठीत एका खणात गेले. गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधली होती. वर्षभरानं कारकुनानं कात्तालिनला बोलावलं की तुमची वस्तू घेऊन जा. ती आली. खांदा वाकडाच जुळला होता. कुठल्याही कॅसिनोनं तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करत होती. तिचा नवरा काठीनं चालायला लागला होता. कारकुनानं एमरीची चौकशी केली. ती म्हणाली की तीन बोटं वळत नाहीत, खिळे जुळवता येत नाहीत, पण त्याच छापखान्यात तो आता मुद्रितं तपासतो. त्यानं तिला एकच पत्र लिहिलं होतं. 'त्या दोन वेळांबद्दल मला अजून राग आहे, आणि त्या शनिवारबद्दल मी तुमचा ऋणी आहे. दोन्ही खरं आहे,' असं त्यात होतं. ती ते पत्र जवळ बाळगायची.

मला मात्र तिनं नेलं नाही. चिठ्ठीवर सही केली आणि म्हणाली, राहू दे इथंच.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कारकून बदलले. परवा एक नवी मुलगी खण आवरत होती. तिनं मला हातात घेतलं, फुंकर मारली आणि सहज अंगठ्यानं दाबलं. स्प्रिंग अजून चांगली आहे. टक् असा आवाज झाला. तिला गंमत वाटली, तिनं पुन्हा दाबलं. मला ना तार, ना घंटी. तरी मी बुटांची चाहूल घेत राहिले. कुणी आलं नाही. मुलीनं मला जागेवर ठेवलं आणि खण लावला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. मीही सांगते. मला चिंच लावून घासलंत तर मी अजून लखलखेन, आणि मला ते आवडेल. कुणाच्या पायाखाली, कुणाच्या बोटाखाली माझ्यासारखी एखादी कळ तुम्हाला दिसली, तर तिची तार कुठवर जाते आणि दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, ते आधी जाऊन बघा. आणि माझं एवढं ऐका. मला स्वच्छ करा, फडताळात मांडा, लहान मुलांच्या हातात खेळायला द्या. फक्त मला पुन्हा तार जोडू नका.